पोळ्याआधी बंद पडलेला नंबर

मोबाइलला कुलूप मीच लावलं होतं. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे मी कंपनीवर, झेरॉक्सवाल्यावर आणि फोनमधून सतार वाजवणाऱ्यांवर भरपूर चिडणार आहे, आणि वाचणाऱ्याला उगाच वाटायचं की या मास्तरानं बिचाऱ्यानं फार सोसलं.

तेव्हा आम्ही पुलगावला राहत होतो आणि मी नाचणगावच्या शाळेत शिकवत होतो. घरात मी, बायको आणि आत्या. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. आतोबा गेल्यावर ती आमच्याकडे आली आणि आठ दिवसांत तिनं घराचा ताबा घेतला. लाडात असली की ती मला बापू म्हणे, रागात असली की मास्तर. तिला एकच मुलगा, माझा आतेभाऊ. तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी घरातून निघून गेला होता. आयटीआय अर्ध्यात सोडलं म्हणून आतोबा त्याला जेवताना चार पाहुण्यांसमोर लागेल असं बोलले, हा भरल्या ताटावरून उठला आणि आतोबांनी त्याला थांबवलं नाही. दोन वर्षांनी आतोबा वारले तेव्हा कळवायला आमच्याकडे त्याचा पत्तासुद्धा नव्हता. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला तेव्हा आत्यानंच त्याला सांगितलं. मग "आता येऊन काय करू" एवढं म्हणून त्यानं ठेवून दिला.

तरी फोन मात्र करायचा. पोळ्याला हमखास, दिवाळीला बहुतेक, कधी होळीला. "बरी हायेस नं? मी बरा हाये. ठेवतो." सगळं मिळून सव्वा मिनिट. कुठून बोलतोस विचारलं की लाइन कटायची. नेहमी कुठल्यातरी एसटीडी बूथवरून. आपण उलट फोन लावला तर बूथवाला म्हणणार, "यहाँ से तो दिनभर लोग बात करते हैं भाईसाब, मैं किस-किसको याद रखूँ?" गल्लीत आत्यानं सांगून ठेवलं होतं की मुलगा सुरतेला चांगल्या नोकरीवर आहे, सुट्टी मिळत नाही. ही सुरत तिनं स्वतःच ठरवली होती.

हे फोन यायचे घरच्या तारेच्या फोनवर. पण रस्त्याचं काम निघालं, नाली खोदली आणि आमच्या ओळीतले सगळे फोन मेले. तक्रार केली की तक्रारीचा नंबर मिळायचा. माझ्या डायरीचं एक अख्खं पान अशा नंबरांनी भरलं होतं आणि एकाही नंबरानं कधी घंटी वाजली नाही. लाइनमन भला माणूस होता. चहा पिऊन म्हणायचा, "मास्तर, केबल सडली हाये. वरून आली त बदलवून देतो." वरून म्हणजे कुठून, ते त्यालाही ठाऊक नसावं.

म्हणून मी मोबाइल घेतला. दोन हजार चार-पाचचं साल असेल, शाळेतल्या निम्म्या मास्तरांच्या खिशात तो आला होता. त्या वर्षी दिवाळीत तारेचा फोन आठवडाभरासाठी जिवंत झाला आणि नेमका आतेभावाचा फोन आला. आत्यानं कॅलेंडरच्या मागे लिहिलेला मोबाइलचा नंबर त्याला वाचून दाखवला, एकेक आकडा दोनदा. त्यानं लिहून घेतला म्हणाला. पुढच्या महिन्यात मी तारेचा फोन सरकारजमा करून टाकला. त्यानंतर त्याच्याजवळ आमचा म्हणून जो काही धागा होता तो तेवढ्या दहा आकड्यांचा, आणि आमच्याजवळ त्याचा तर तेवढाही नाही.

मोबाइलला घरात रेंज नव्हती. मागच्या अंगणात पेरूचं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी दोन काड्या दिसायच्या, कधी तीन. समोरच्या खोलीत आणला की शून्य. काही लोकांचं मत होतं की हे गावाशेजारच्या लष्करी दारूगोळा डेपोमुळे होतं. आमच्या गावात न समजलेली गोष्ट डेपोच्या माथी मारायची जुनी सवय आहे, विहिरीचं पाणी आटलं तरी डेपो. मी कंपनीला विचारलं तर ते म्हणाले, सर, आपके एरिया में फुल नेटवर्क है. मी म्हटलं, हो, पेरूखाली आहे. शेवटी झाडाला खिळा ठोकून एका कापडी पिशवीत फोन टांगला. आत्या गहू निवडायला, वाती वळायला, दुपारचं लवंडायलासुद्धा तिथेच जाऊ लागली. आणि वीज चमकली की धावत जाऊन फोन बंद करायची. वीज फोनवर पडते असं तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि मी कितीही विज्ञान सांगितलं तरी तिनं ते मानलं नाही.

आता कुलूप. आमच्या शाळेतल्या एका मास्तराचा मोबाइल देवळीच्या बसमध्ये मारला गेला आणि चोरानं त्यावरून दोन दिवस पोटभर गप्पा मारल्या. मी घाबरलो. फोनबरोबर आलेली पुस्तिका एका रविवारी बसून वाचली आणि सिमकार्डाला चार आकड्यांचं कुलूप लावलं. फोन बंद करून चालू केला की ते चार आकडे मागणार. पुस्तिकेत ठळक छापलं होतं की हा आकडा कुणालाही सांगू नये. मी शाळामास्तर, छापलेलं मानणारा. मी कुणालाही सांगितला नाही, बायकोला नाही आणि आत्यालाही नाही. आमच्या घरात कपाटाची किल्ली कपाटाच्याच शेजारी खिळ्याला टांगलेली असते, आणि त्या घरात मी हे गुपित छातीशी धरून आठवडाभर ऐटीत फिरत होतो.

पोळा दहा दिवसांवर असताना दुपारी विजा झाल्या. आत्यानं फोन बंद केला. पाऊस गेल्यावर चालू केला तर तो आकडे मागायला लागला. मला चार वेळा बटण दाबताना तिनं पाहिलं होतं, म्हणून तिनं आपल्या नंबरातले पहिले चार आकडे दाबले. नाही म्हणाला. तिला वाटलं, बोट चुकलं. पुन्हा तेच दाबले, आणि तिसऱ्यांदा अगदी सावकाश. मी शाळेतून आलो तेव्हा फोन इंग्रजीत भलतंच काहीतरी मागत होता.

"नंबर आपलाच हाये, मंग दुसऱ्या कोनाचा दाबू?" आत्या म्हणाली.

फोनला आता आठ आकड्यांचा दुसरा कोड हवा होता. मी माझे चार आकडे दोनदा दाबले. मग उलटे दाबले. मग सिमकार्डाच्या पाठीवर बारीक छापलेले काही आकडे दाबले. प्रत्येक वेळी पडद्यावर शिल्लक संधी एकेक करून कमी होताना दिसत होत्या. सात उरल्या तेव्हा मी फोन घेऊन शाळेतल्या त्या फोन चोरीला गेलेल्या मास्तराच्या घरी गेलो, त्यानं माझा हात धरला. दहा चुका झाल्या की कार्ड कायमचं मरतं, म्हणाला. मग नवं कार्ड आणि नवा नंबर.

रात्री जेवताना मी आत्याला सांगितलं की फार तर नवा नंबर घेऊ.

"अन् त्याले कोन सांगन?" ती म्हणाली.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी स्टेशन रस्त्यावरच्या बूथवरून कंपनीला फोन करू लागलो. हे दुकान म्हणजे एसटीडी, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि सिमकार्ड, सगळं एकाच छपराखाली. मोबाइलही मी तिथूनच घेतला होता. काचेच्या खोलीत उभं राहून मी आज्ञा पाळायचो. हिंदीसाठी एक दाबा, मराठीसाठी तीन दाबा. तीन दाबलं की सतार वाजायची, मधूनमधून एक बाई सांगायची की तुमचा फोन आम्हाला फार मोलाचा आहे, आणि मग जो कुणी यायचा तो हिंदीत बोलायचा. प्रत्येक वेळी माणूस नवा. प्रत्येकाला वीज, पेरू, पोळा सगळं मुळापासून सांगावं लागायचं. कालच्या माणसाला मी हे सगळं सांगितलंय म्हटलं तर आजचा म्हणायचा, सर, मैं आपकी परेशानी समझ सकता हूँ. एकालाही समजत नव्हती. मला तरी कुठे समजत होती?

सातव्या दिवशी एकानं शेवटी विचारलं, "सर, वेरिफिकेशन के लिए अपना पूरा नाम बताइए."

मी सांगितलं.

"सॉरी सर. ये नंबर आपके नाम पर नहीं है."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी नाव पुन्हा सांगितलं, आधी आडनाव, मग वडिलांचं नाव, हजेरी घेतात तसं. तो म्हणाला, नाही. मग कुणाच्या नावावर आहे? ते सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही. मी म्हटलं, बाबा रे, नंबर मी घेतला, त्यात पैसे मी भरतो, माझ्या अंगणात माझ्या झाडाला तो टांगलेला आहे. तो म्हणाला, सर, मैं समझ सकता हूँ.

घरी येताना रस्ता रोजचाच होता तरी मी वळण चुकलो. ज्या नंबराची चोरापासून राखण करायला मी कुलूप लावलं तो नंबर माझा नव्हताच. मग कुणाचा होता? कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या नावावर आम्ही बोलत होतो की तो आमच्या? त्यानं काही गुन्हा केला तर पोलीस पेरूखाली येतील का? पंचवीस वर्षं मी पोरांची नावं रजिस्टरात चढवली, कधी कुणाचं नाव दुसऱ्याच्या रकान्यात गेलं नाही, आणि माझं स्वतःचंच नाव कुठेतरी गळलं होतं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, जाऊन दुकानदाराला विचारा ना. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

झेरॉक्सवाल्यानं टेबलाखालून गठ्ठा काढला. कंपनीला पाठवलेल्या अर्जांची दुसरी प्रत तो ठेवायचा. बोटाला थुंकी लावत त्यानं अर्धा गठ्ठा उलटला आणि एका कागदावर थांबला.

"हे घ्या मास्तर. सही तुमची हाये."

सही माझीच होती. कोऱ्या अर्जावर सही करून मी शाळेत पळालो होतो, कारण घंटा व्हायची होती. त्या सहीच्या वर, त्याच्या वळणदार अक्षरात, आत्याचं नाव लिहिलेलं होतं. पाठीला तिच्याच मतदार ओळखपत्राची झेरॉक्स टोचलेली.

मग आठवलं. त्या दिवशी मी माझ्या रेशनकार्डाबरोबर आत्याचं ओळखपत्रही झेरॉक्सला दिलं होतं, तिच्या निराधार पेन्शनच्या अर्जासाठी. दोन्ही प्रती टेबलावर एकावर एक होत्या. वरची जी हाती आली ती यानं टोचली.

"तुमच्या घरचंच हाये नं मास्तर, काय फरक पडते?" तो म्हणाला. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला.

मी अर्ज खालपर्यंत वाचला. जन्मतारीख, एक जुलै. आत्याला स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती आणि ओळखपत्रावर नुसतं वय होतं. मी विचारलं, ही तारीख कुठून आणली?

"ज्याची मालूम नाई त्याची मी एक जुलै टाकतो. शाळेत तुम्ही मास्तर लोकं बी तेच टाकता नं? माही बी एक जुलैच हाये."

शाळा उघडली की आईबाप पोराला हाताला धरून आणतात, तारीख विचारली तर सांगतात, ज्या साली मोठा पूर आला त्या साली झालं. मग मास्तर वय मोजतो आणि एक जुलै लिहून मोकळा होतो. निम्मा तालुका असा एकाच दिवशी जन्मलेला आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांना जन्माला घालणारा मीच.

तर आता नाव ठाऊक झालं, तारीख ठाऊक झाली. पण कंपनीला नावाच्या मालकाचाच आवाज हवा होता, आणि तो बाईचा. बायको लगेच म्हणाली, "मी बोलते ना, त्यात काय? आत्याबाईंचं नाव सांगायचं, तारीख सांगायची."

हे आत्यानं स्वयंपाकघरातून ऐकलं. हात पुसत बाहेर आली.

"माह्या नवऱ्याचं नाव तू लावशीन?"

"आत्याबाई, फोनवर तर फक्त..."

"फोनवर बी नाई." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी येतो. काय सांगाचं ते मी सांगतो."

हे ती बोलून गेली खरी, पण रात्रभर तळमळली असावी, कारण आत्या आतोबांचं नाव घेत नसे. त्या पिढीतल्या आमच्याकडच्या बायका घेतच नसत. रेशनच्या रांगेत, दवाखान्यात, पेन्शनच्या कचेरीत, कुणी नवऱ्याचं नाव विचारलं की ती माझ्याकडे बोट करायची, "तो सांगते." मी सांगायचो. आतोबा गेल्यावरही तिनं ते पाळलं. मी तिला एकदा गमतीनं म्हटलं होतं की आता कोण ऐकायला आहे. तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही बूथवर गेलो. बाजार बैलांच्या साजानं भरला होता, झुली, घुंगरं, शिंगांना लावायचे रंग. काचेच्या खोलीत आम्ही दोघं कसेबसे मावलो. मी आकडे दाबले, सतार ऐकली आणि आज देवाची कृपा म्हणून खरंच मराठी बोलणारी मुलगी आली. पुण्याकडची असावी, स्वच्छ, गोड. मी रिसीव्हर आत्याच्या हातात दिला आणि माझा कान रिसीव्हरच्या पाठीला चिकटवला.

"नमस्कार मॅडम. आपलं पूर्ण नाव सांगाल का?"

आत्यानं आपलं नाव सांगितलं. मग आडनाव सांगितलं. मधली जागा सोडून दिली.

"मॅडम, पूर्ण नाव हवंय. पतीच्या नावासकट."

आत्यानं सवयीनं माझ्याकडे बोट केलं. काचेच्या त्या खोलीत तिचं ते बोट माझ्या छातीला टेकलं. मी मान हलवली. मी बोललो असतो तर सगळं मुसळ केरात गेलं असतं.

"मॅडम? आपण आहात ना लाइनवर?"

आत्यानं पदर डोक्यावरून पुढे ओढला. बाहेर झेरॉक्सवाला आमच्याकडेच पाहत होता, त्याच्याकडे तिनं पाठ केली. आणि भिंतीकडे तोंड करून, लग्नाच्या मांडवात म्हणतात त्या चालीत, म्हणाली,

"कपाशीच्या झाडाले पांढरंशुभ्र बोंड, अमक्याचं नाव घेतो, इकडं करा तोंड."

अमक्याच्या जागी आतोबांचं नाव होतं. मी ते इथे लिहीत नाही. तिनं ते आयुष्यात दोनदाच घेतलं, एकदा सोळाव्या वर्षी बायकांनी दार अडवलं म्हणून आणि एकदा त्या दिवशी. मी ते कागदावर कशाला उतरवू?

तिकडची कळफलकाची टकटक थांबली. मला वाटलं, गेला फोन. मग तिचा आवाज आला, आधीपेक्षा खालच्या पट्टीतला. "थँक यू मॅडम. नाव बरोबर आहे. जन्मतारीख?"

"एक जुलै," आत्या म्हणाली. त्यात तिला काहीच अडचण आली नाही, कारण ती तिची नव्हतीच.

मुलीनं एकेक आकडा सांगितला, आत्या मोठ्यानं म्हणत गेली आणि मी तळहातावर लिहीत गेलो. आठ आकडे. घरी येऊन पेरूखाली बसून मी ते दाबले. फोन उघडला, दोन काड्या दिसल्या. मी पहिलं काम केलं ते कुलूप काढून टाकण्याचं. आत्या म्हणाली, "मास्तर, पुन्हा त्याले हात लावशीन त पाहजो." मग पिशवी खिळ्याला टांगून ती झाडाखाली बसली. मला वाटलं, झालं. सुटलो.

पोळ्याच्या दिवशी पुरण झालं, कढी-वडे झाले. चौकातून बैल निघाले, ढोल वाजले. दरवर्षी त्याचा फोन दुपारी यायचा. दुपार गेली. पाच वाजले. आत्यानं ताट वाढून घेतलं नाही, तिनं फोन पिशवीतून काढून मांडीवर घेतला होता. मला वाटू लागलं की फोन उघडला असं दिसतंय पण आत काहीतरी अजून बंदच आहे. या यंत्रावरचा माझा विश्वासच उडाला होता. म्हणून मी बूथवर गेलो आणि आमचाच नंबर लावून पाहिला.

पहिल्याच घंटीला तिनं उचलला. "बाबू?"

बाबू म्हणजे तो, माझा आतेभाऊ. कुठल्या आईला असा आवाज काढताना मी कधी ऐकलं नव्हतं, ना माझ्या, ना दुसऱ्या कुणाच्या.

"बाबू, बोल नं रे."

"आत्या, मी हाये. लागते का नाई ते पाहून राह्यलो होतो."

तिनं फोन ठेवून दिला. घरी जायची मला लाज वाटत होती. इतकी लाज मला त्या आधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं की तो यापुढे कधीच फोन करणार नाही, आणि हे माझ्यामुळे.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. संध्याकाळी लेकरं लाकडी नंदीबैल सजवून दारोदार येतात, त्यांना बोजारा म्हणून खाऊ-पैसे द्यायचे. आत्या मुरमुऱ्यांची टोपली घेऊन दारात उभी होती, चेहरा दगडासारखा, पण एकाही नंदीला तिनं ओवाळल्याशिवाय सोडलं नाही. मी आतल्या खाटेवर होतो. एकदम लेकरांचा आवाज थांबला म्हणून बाहेर आलो.

फाटकाशी, लेकरांच्या मागे, तो उभा होता. दाढी वाढलेली, खांद्याला रेक्झिनची बॅग, गाडीतून उतरून सरळ पायी आलेला. सात वर्षांनी.

"फोन काऊन बंद होता?" तो म्हणाला. नमस्कार नाही, काही नाही. आवाजात नुसता राग. "यंदा पोळ्याले काम होतं म्हनून आधीच लावला, त चार दिवस सारखा लावून राह्यलो. ते बाई म्हनते, बंद हाये. दुसऱ्या दिवशी बी बंद. तिसऱ्या दिवशी बी बंद. मले वाटलं..."

आत्यानं टोपली खाली ठेवली.

"हातपाय धुय," ती म्हणाली. "पुरन शिल्लक हाये."

तो पाच दिवस राहिला. पहिल्या दिवशी आतोबांच्या फोटोकडे पाहत नव्हता, तिसऱ्या दिवशी त्यानंच फोटोची काच पुसली. पेरूखाली मायलेक तासन् तास बसत, काय बोलत ते मला ऐकू येत नसे. मी माझ्या परीनं हिशेब लावत बसायचो आणि तो लागत नसे. सात वर्षं या ना त्या फोनवर आम्ही सापडत होतो आणि हा आला नाही. दहा दिवस बंद पडला तर आला. मग मी जे कुलूप लावलं ते चूक की बरोबर? कुणाची माफी मागायची आणि कुणाचे आभार मानायचे? आणि आत्यानं ते नाव घेतलं ते मग कशासाठी? फोन उघडला तेव्हा तर हा गाडीत बसलेला होता. मी हे बायकोला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही जरा गप्प बसा.

सहाव्या दिवशी तो परत गेला. काम होतं म्हणाला. कुठे ते यावेळीही नीट सांगितलं नाही, फोन करत जाईन म्हणाला. आणि करत राहिला, दिवाळीला, होळीला, नेमानं. "बरी हायेस नं? मी बरा हाये." सव्वा मिनिट.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी मी शाळेतून आलो तर पेरूच्या खिळ्याला पिशवी नव्हती. आत्या स्वयंपाकघरात डाळ निवडत बसली होती. फोन तिच्या शेजारी फळीवर पडला होता, पाठ उघडी, आत बॅटरी नाही. आकाश स्वच्छ होतं.

"हे काय? फोन बंद पडला?"

"मीच काढली," ती डाळीवरची नजर न काढता म्हणाली. "पिठाच्या डब्यात हाये. हात नको लावजो."

"आत्या, अन् त्याचा फोन आला त?"

"येईन नं. येऊ दे." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "फोनवर सव्वा मिनिट भेटते तो, बापू. दारात आला त पाच दिवस राह्यते."

तो खरंच आजारी असला तर, अडचणीत असला तर, हे सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर कळलं की हे सगळं तिनं आधीच धरून ठेवलेलं आहे. मी पिठाच्या डब्याचं झाकण उघडून पाहिलं आणि परत घट्ट लावलं.